उलट्या पिळाचा दोर

कधीची गोष्ट ते विचारू नका, पण एका डोंगराच्या माथ्यावर दोरकऱ्यांचं एक गाव होतं. त्या डोंगरावर दुसरं काही धड पिकायचं नाही, घायपात तेवढं माजायचं. लोक त्याची पानं कापायचे, डबक्यात कुजत घालायचे, मोगरीनं झोडून धुवायचे आणि निघालेला पांढरा वाख उन्हात वाळत टाकायचे. त्या वाखाचे दोर व्हायचे. बैलांचे कासरे, म्हशींची दावी, पाळण्याच्या दोऱ्या, विहिरीचे नाडे. खालच्या गावांत कुणाला दोर लागला की तो डोंगर चढून यायचा.

दोर कसा वळतात ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लांब दोर एकट्यानं होत नाही. गावाच्या मधोमध एक सरळ मोकळी वाट होती, तिला दोरवाट म्हणायचे. वाटेच्या एका टोकाला वळणारा उभा राहायचा आणि चाळीस पावलांवर दुसऱ्या टोकाला धरणारा. मध्ये वाखाचा पेड ताणलेला. दोघांच्या हातात एकेक भवरकडी, म्हणजे गरागरा फिरवायची लाकडी कडी. दोघांनीही ती आपापल्या उजव्या अंगाला फिरवायची, म्हणजे दोन्हीकडून पीळ चढत जातो. असे तीन पेड झाले की ते एकमेकांत वळायचे. झाला दोर.

डाव्या अंगाला कुणी फिरवायचं नाही. उलट्या पिळाचा दोर फक्त तिरडीला, असं गावात मानायचे. का मानायचे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हातारी माणसं डोळे वटारायची, म्हणून कुणी विचारायचं नाही.

त्या गावात एक चांगली रीत होती. पोरं चौदा वर्षांची झाली की त्यांना घरच्या माणसानं शिकवायचं नाही, कारण आईबाप लेकराचा दोष पदराखाली झाकतात. दर वर्षी शिमगा सरला की उंबराखाली गाव जमायचं. पोरं वाखाची जुडी हातात धरून ओळीनं उभी राहायची. ज्या मोठ्या माणसाच्या मनात येईल त्यानं उठायचं आणि पोराच्या हातातल्या जुडीचं टोक उचलायचं. बळजबरी कुणावर नाही आणि मोबदला म्हणून एक सुपारीसुद्धा नाही. पण टोक उचललं की वर्षभर त्या पोराचं टोक धरायचं. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या दिवशी, ऊन कललं की दोरवाटेवर हजर.

आणि खरी गोम पुढं होती. वर्षाच्या शेवटी पोरानं वळलेला नाडा गावच्या विहिरीला लावायचे. विहीर बारा पुरुष, म्हणजे बारा माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल, तळाला गुडघाभर पाणी आणि दगड. त्या नाड्यावरून धरणाऱ्यानं स्वतः खाली उतरायचं आणि गाळाची पहिली पाटी भरायची. तो उतरून वर आला की पोराला दोरवाटेवर स्वतःची जागा मिळायची, जन्मभराची. धरणाराच म्हणाला की मी नाही उतरत, तर पोर नापास. तीन वर्षं संधी. तीनदा हुकलं की मग आयुष्यभर डबक्यात उभं राहून दुसऱ्यासाठी वाख झोडायचा.

आता त्या वर्षीचं सांगायचं. उंबराखाली सहा पोरं उभी होती. पाचांची टोकं उचलली गेली. सहावी एक पोरगी राहिली, शेवंती नावाची. तिची आई दोन लेकरं घेऊन डोंगराखालून आली होती, दोरकऱ्यांतली नव्हती. शेवंतीची दोन वर्षं गेलेली. हे तिसरं.

पहिल्या वर्षी तिचं टोक एका मिशीवाल्यानं धरलं होतं. तो फार बोलायचा. आपण तरुणपणी कसे नाडे वळले, कुठल्या सरदाराच्या हत्तीला आपला दोर होता, हेच वर्षभर सांगत राहिला. विहिरीवर जायची वेळ आली तेव्हा त्याचा गुडघा दुखायला लागला. दुसऱ्या वर्षी एका गोड बाईनं धरलं. ती दर वेळी गुळाचा खडा आणायची, गालावरून हात फिरवायची आणि टोक धरून शेजारणीशी गप्पा मारत उभी राहायची. पावसाळ्यानंतर ती यायचीच बंद झाली. गुळाचा खडा तेवढा शेजारच्या पोराबरोबर पाठवायची.

शेवंती उन्हात जुडी धरून उभी. लोक आभाळाकडे बघतायत, उंबराकडे बघतायत, तिच्याकडे कुणी बघत नाही. तिनं हात मात्र खाली घेतला नव्हता.

"तिच्या हातात पीळच नाही," मिशीवाला म्हणाला. "मी वर्षभर घसा फोडला. काही पोरांत नसतंच ते. झोडू द्या वाख."

गर्दीच्या मागं तानक्का बसली होती. पंचेचाळीस वर्षांची बाई, एकटी, हाताची पक्की आणि तोंडाची फाटकी. तिच्यासारखा नाडा डोंगरावर कुणी वळत नव्हतं, आणि तिनं आजवर एकाही पोराचं टोक उचललं नव्हतं. पोरांचा तिला वैताग यायचा. ती तिथं आली होती ती नुसती बघायला, आणि घरी जाऊन नावं ठेवायला.

"काय रे," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "वर्षभर तू तिच्याजवळ होतास ना?"

"होतो की."

"मग वर्षभर काय केलंस?"

"सांगितलं! काय नाही सांगितलं ते विचार!"

"सांगितलंस. बघितलंस काय?"

मिशीवाल्यानं मिशीवरून हात फिरवला. "एवढं वाटतंय तर तूच उचल की टोक. नुसतं मागं बसून बोलायला काय जातंय?"

लोक हसले. तानक्का उठली, लुगड्याची माती झटकली, गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि शेवंतीच्या हातातलं टोक उचललं. मायेनं नाही, रागानं. हे खरं तेच सांगायला पाहिजे, कारण पुढं लोकांनी त्यात उगाच माया घातली.

"आई आहे का घरी तुझी?" तिनं शेवंतीला विचारलं.

"हो."

"तिला सांग, तानक्का शिव्या देते. नंतर रडत यायचं नाही."

बाजाराच्या आदल्या दिवशी दोघी दोरवाटेवर उभ्या राहिल्या. शेवंती त्या टोकाला, तानक्का ह्या टोकाला. फिरवायला सुरुवात झाली आणि थोड्याच वेळात पेड मधोमध लोंबायला लागला. ढिला, केसाळ, पीळ नसलेला.

"जोरानं फिरव!" तानक्का ओरडली.

शेवंतीनं जोरानं फिरवलं.

"अजून! जेवली नाहीस काय?"

पोरगी घामानं निथळली. तानक्कानंही आपला हात तापवला, पोरीचं उणं आपण भरून काढू म्हणून. पण नवल असं की तानक्का जेवढी जोरात फिरवायची, तेवढा पेड जास्तच ढिला पडायचा. तिला काही उमगेना. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

पहिला दोर झाला तो शेजाऱ्याच्या म्हशीला बांधला. म्हैस शिंकली आणि सुटून गेली. शेजारी तुटलेलं दावं घेऊन दारात आला. "तानक्का, हा दोर हाय का शेवया?"

"शेवयाच आहेत. खीर करून खा," तानक्का म्हणाली आणि दार लावून घेतलं. पण मनातून जळली.

पावसाळा आला, गेला. दिवाळी झाली. तानक्का एकही दिवस चुकली नाही. ताप होता तेव्हाही डोक्याला फडकं बांधून आली. शेवंतीही चुकली नाही. दोघींत बोलणं असं नव्हतंच. एकीनं ओरडायचं, दुसरीनं फिरवायचं. आणि दोर दर वेळी शेवयाच.

मग पौषात एक दिवस तानक्काच्या हातातली भवरकडी मोडली. दुसरी शेवंतीच्या बाजूला झाडाला अडकवलेली होती. पेडाचं टोक दगडाखाली दाबून ती आणायला तानक्का दोरवाट चालत गेली. दहा महिन्यांत पहिल्यांदाच ती पोरीच्या टोकाला गेली, हे लक्षात ठेवा. चाळीस पावलं. तिथून दिसायला काहीच अवघड नव्हतं, पण चाललं कोण होतं?

झाडाची कडी काढून ती वळली तेव्हा शेवंतीची पाठ तिच्याकडं होती. वाख विसकटू नये म्हणून ती हलकेच कडी फिरवत राहिली होती. डाव्या हातानं आणि डाव्या अंगाला.

तानक्का जागच्या जागी थांबली. इकडून पोरगी पीळ घालत होती आणि तिकडून आपण तो काढत होतो. दहा महिने. आपण जेवढा जोर लावला तेवढा जास्त काढला. मिशीवाल्यानं काढला, गुळवालीनं काढला, आणि सगळ्यांत जास्त कुणी काढला असेल तर तो आपण, कारण आपला हात सगळ्यांत पक्का.

आता एवढं समजल्यावर शहाण्या बाईनं काय करावं? तानक्कानं ते केलं नाही. माणसाला स्वतःची चूक दिसली की आधी दुसऱ्याचा राग येतो.

"अगं डावरे!" ती ओरडली. "तिरडीचे दोर वळतेस काय? दोन वर्षं सांगितलं नाहीस?"

शेवंती दचकली. "कुणी विचारलं नाही."

"विचारायला कशाला पाहिजे! उजवा हात काय लोणच्याला ठेवलायस?"

तिनं वाखाची एक दोरी घेतली आणि पोरीचा डावा हात कमरेशी बांधून टाकला. "फिरव आता. उजव्यानं, उजवीकडं."

शेवंतीनं फिरवलं. कडी हातातून निसटायची, बोटावर आपटायची. दोन बोटं सोलली. दिवस मावळला तेव्हा तिनं दातांनी गाठ सोडली, कडी झाडाला अडकवली आणि गेली.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी ती आली नाही.

तानक्का ह्या टोकाला कडी धरून उभी राहिली. समोर पेड नाही, पोरगी नाही. आजूबाजूला बाकीच्यांची कामं चाललेली. तिन्हीसांज होईपर्यंत ती तशीच उभी होती. त्याच्या पुढच्या आठवड्यातही पोरगी आली नाही.

"सुटलीस," मिशीवाला जाता जाता म्हणाला. त्यानं यंदा दुसऱ्या एका पोराचं टोक धरलं होतं. "दोनदा पोर आलं नाही की धरणारा मोकळा, असा नियमच आहे. तुझ्यावर बोल नाही. आणि त्या दोरावर उतरायचं होतं तुला? जीव वाचला समज."

नियम तसा होताच. तानक्कानं मोकळं व्हायचं ठरवलं असतं तर कुणी एक शब्द बोललं नसतं. तिनं कडी कमरेला खोचली, घराकडे वळली, दहा पावलं गेली. मग थांबून स्वतःलाच एक शिवी दिली आणि उलटी फिरून गावाबाहेरच्या झोपडीकडे निघाली.

झोपडीपुढं शेवंतीची आई वाख झोडत होती. तानक्काला बघून तिनं मोगरी खाली ठेवली.

"आक्का, तुम्ही? बसा. पोरगी नाही म्हणते यायला. मी किती सांगितलं."

"तू नको सांगूस. सांगणारे पुष्कळ झालेत," तानक्का म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

आत शेवंतीचा धाकटा भाऊ पाळण्यात झोपला होता. पोर तसं दांडगं, पाळणा त्याच्या वजनानं खाली आलेला. तानक्काची नजर पाळण्याच्या दोरीवर गेली. बारीक, घट्ट, तारेसारखी. तिनं उठून दोरी चिमटीत धरली, नखानं पेड उकलायला बघितला. उकलेना.

"ही कुणी वळली?"

"मीच," कोपऱ्यातून शेवंती म्हणाली.

"टोक कुणी धरलं?"

"खुंटीनं."

तानक्कानं भिंतीतल्या खुंटीकडे बघितलं. गप्प खुंटी. ती काही शिकवत नव्हती, काही सांगत नव्हती, गूळ देत नव्हती. फक्त घातलेला पीळ काढत नव्हती. गावातल्या तीन शहाण्यांना जे जमलं नाही ते भिंतीतल्या लाकडानं केलं होतं.

"मग नाडा का नाही वळलास खुंटीवर?"

"एवढीशी दोरी होते. नाड्याला दोन्हीकडून फिरवणारं लागतं. एका बाजूनं मधोमध पीळ पोचत नाही."

"ते ठाऊक आहे मला. तुला ठाऊक आहे का ते बघत होते." तानक्का परत उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "हात दाखव."

शेवंतीनं उजवा हात पुढं केला. बोटांवर खपल्या धरल्या होत्या.

"हा नव्हे. तो."

तिनं डावा हात पुढं केला. तानक्कानं तो उलटासुलटा करून बघितला. दोर घासून तळव्याला घट्टे पडलेले, अगदी तिच्या स्वतःच्या उजव्या हाताला होते तसे.

"हा हात चुकत नाही," ती म्हणाली. "माझा चुकत होता. पण माझा हात तीस वर्षांचा हट्टी आहे, वळवायला वेळ लागेल. शिमग्याला दोन महिने राहिलेत. उद्यापासून रोज यायचं."

"उद्या बाजार आहे."

"बाजार माझ्यासाठी थांबलाय होय? रोज म्हटलं ना. आणि ऐक, मी डावीकडं फिरवताना चुकले आणि तू हसलीस, तर ही मोगरी घालीन टाळक्यात."

शेवंती तिथंच हसली. तानक्कानं तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून दोरवाटेवर वेगळीच गंमत सुरू झाली. आता ओरडायचं काम पोरीकडं गेलं.

"तानक्का! परत उजवीकडं गेलात!"

"गेले, गेले! दिसतंय मला!"

"दिसतंय तर वळवा की!"

तानक्काचं मनगट सुजलं. रात्री तिला तव्यावरची भाकरी उलथता येईना. हात आपोआप जुन्या अंगाला पळायचा आणि ती त्याला शिव्या घालून परत आणायची. येणारेजाणारे थांबून बघायचे. "काय तानक्का, उतारवयात उलटी फिरायला लागलीस?" कुणी म्हणायचं. "पोरगी शिकवतेय का तू?" तानक्का म्हणायची, "पोरगी शिकवतेय. तुला शिकायचं असेल तर मागं उभा राहा."

पंधरा दिवसांत पेड लोंबायचा थांबला. महिनाभरात तो असा ताणला की त्यावर बसायला आलेला कावळा टणकन उडाला. शिमग्याच्या दोन दिवस आधी नाडा पुरा झाला. मनगटाएवढा जाड, पांढरा, आणि पीळ असा उलटा की लांबून दिसावा.

तो लांबून दिसला, तिथंच गडबड झाली.

शिमगा सरला आणि विहिरीवर गाव जमलं. आधी मिशीवाल्याच्या पोराचा नाडा पुढं आला. दिसायला देखणा नाडा, पण मिशीवाल्याचा हात गुडघ्यावर गेला. "यंदा परत दुखतोय," तो म्हणाला.

"दर वर्षी बरोबर याच दिवशी दुखतो," कुणीतरी मागून म्हणालं.

त्याचं पोर खाली मान घालून म्हणालं, "मी फिरवलंच नाही कधी. काकाच फिरवायचे. लवकर होतं म्हणायचे. मला टोक धरायला लावायचे, आणि मी ते कधी कधी सोडून पाणी प्यायला जायचो." मिशीवाल्याची मिशी एकदम लहान दिसायला लागली. पोराला अजून दोन वर्षं होती, ते बाजूला झालं.

मग तानक्का आणि शेवंती नाडा घेऊन पुढं आल्या. दोरवाटेचे थोरले आबा काठी टेकत आले, वाकून नाडा बघितला आणि ताठ झाले.

"हा उलटा आहे."

"आहे," तानक्का म्हणाली.

"उलट्या पिळाचा दोर तिरडीला लागतो. विहिरीवर चालणार नाही. गावाच्या पाण्यात असलं अभद्र उतरवायचं नाही."

सगळीकडे कुजबुज झाली. शेवंतीचं तोंड पांढरं पडलं. तिसरं वर्ष होतं. आबांनी काठी आडवी धरली तर तिचं सगळं तिथंच संपत होतं.

तानक्का पुढं झाली. "आबा, उतरायचं कुणी? तुम्ही की मी?"

"तू."

"मग झालं तर. तिरडीचा दोर असला, तर खाली पडल्यावर मला लागेलच. आयता बरोबर असेल. गावाचा हेलपाटा वाचला. बाजूला व्हा."

कुणीतरी फिसकन हसलं. आबा एक पाऊल मागं सरले. काठी बाजूला झाली.

तानक्कानं लुगड्याचा काचा मारला, नाडा कमरेला घेतला. तेवढ्यात शेवंतीनं तिचा हात धरला.

"तानक्का, नका उतरू. जाऊ दे माझी जागा. मी झोडीन वाख."

"का? दोर वाईट झालाय?"

"तसं नाही. पण तुम्ही पडलात तर?"

"ते मला नको विचारूस. मी एकच टोक धरलंय. सबंध दोर तुझ्या हाताखालून गेलाय. मला सांग, कुठं ढिला आहे? तू सांगशील तिथं मी थांबेन. तू म्हणालीस नको, तर नाही उतरायची. पण आबा म्हणाले म्हणून नाही आणि मी म्हणाले म्हणूनही नाही. हात लावून सांग."

सगळं गाव बघत होतं. शेवंती खाली बसली. तिनं नाड्याचं टोक डाव्या हातात घेतलं आणि दोर मुठीतून सरकवायला सुरुवात केली. हातभर, हातभर, हातभर. मध्येच थांबायची, अंगठ्यानं दाबून बघायची, पुढं जायची. बारा पुरुष दोर आणि वर बांधायला लागतो तेवढा. ऊन डोक्यावर आलं. कुणी घरी गेलं नाही. शेवटचं टोक मुठीतून बाहेर पडलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

"कुठंच नाही," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "उतरा."

चार गड्यांनी दोर धरला आणि तानक्का विहिरीत उतरली. वजन पडल्यावर दोर कर्र वाजला, आपल्या जागी बसला आणि गप्प झाला. वरून बघणाऱ्यांना एक गोष्ट दिसली. आजवर जो कुणी विहिरीत उतरायचा तो दोराबरोबर एका अंगाला हळूहळू गिरकी घ्यायचा. तानक्का दुसऱ्या अंगाला फिरत गेली. बाकी काही फरक नव्हता.

खाली गेल्यावर बराच वेळ आवाज आला नाही. शेवंती काठावर पालथी पडून आत बघत होती, तिचे ओठ चावून लाल झाले होते.

मग खालून आवाज घुमला. "माना वाकवून काय बघताय? पाटी सोडा! दोन वर्षांचा गाळ आहे इथं, साफ केली होती का नुसती आंघोळ करून आलात?"

अख्खं गाव हसलं. पाटी गेली, भरून आली. एक नाही, सात पाट्या आल्या. मग तानक्का स्वतः वर आली, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत शेवाळ. वर आल्यावर तिनं आधी शेवंतीकडे बघितलं नाही. नाडा हातात घेतला, सगळ्यांत जास्त ताण पडला होता तिथं नखानं पेड उकलायला बघितला. उकलेना. मग म्हणाली, "हं."

एवढंच म्हणाली. पण शेवंतीला ते पुरलं.

थोरल्या आबांनीही नाडा हातात घेऊन बघितला. म्हातारा हेकट होता, पण दोरकरी होता. दोराशी खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं.

"पीळ उलटा आहे," तो म्हणाला. "पण दोर आहे." आणि शेवंतीला दोरवाटेवर जागा दिली. तीही बरोबर मधोमध.

त्या वर्षापासून गावानं रीतीत एक भर घातली. टोक उचललेल्या माणसानं पहिल्या दिवशी काही सांगायचं नाही, शिकवायचं नाही, स्वतःच्या हत्तीच्या गोष्टी तर मुळीच नाहीत. चाळीस पावलं चालत पोराच्या टोकाला जायचं, त्याच्या मागं उभं राहून त्याचा हात बघायचा आणि मगच आपल्या टोकाला येऊन कडी हातात घ्यायची. शेवंतीनं पुढं सात पोरांची टोकं धरली. त्यातली सहा उजव्या हाताची होती. तिलाही हात वळवावा लागला, आणि पोरं तिच्यावरही ओरडली.

तानक्का पुष्कळ वर्षं जगली. शेवटच्या आजारात शेवंती उशाशी बसलेली असताना तिनं बजावून ठेवलं, "माझ्या तिरडीला साधा सुलट्या पिळाचा दोर लावा. तुझा वाया घालवू नका. तो विहिरीला लागतो."

तात्पर्य काय, तर पोरांना हात द्यायला निघालात की आधी त्यांचा हात कुठं फिरतो ते जवळ जाऊन बघा. न बघता आपलाच हात जोरानं फिरवत राहिलात, तर त्यांनी घातलेला पीळ तुम्हीच काढून टाकाल. आणि तेवढी चाळीस पावलं चालवत नसतील, तर टोक उचलू नका. त्यापेक्षा खुंटी बरी.